सान इग्नासिओची खाडी : ठरवलेल्या सहा फेऱ्या, मिळालेल्या चार

निघण्यापूर्वी

सान डिएगो शहराच्या पश्चिम टोकाला पॉइंट लोमा नावाचा उंच कडा आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून तिथल्या कठड्याशी उभे राहिले, की दूरवरून दक्षिणेकडे निघालेले करडे देवमासे दिसतात. दिसतात म्हणजे त्यांचा उच्छ्वास दिसतो. पाण्यावर क्षणभर उभा राहिलेला पांढरा फवारा आणि मग पुन्हा नुसता समुद्र. सात हिवाळे मी एवढ्यावर समाधान मानत आले होते. गेल्या हिवाळ्यात आई कोकणातल्या जयगड बंदराहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिलाही तिथे नेले. थंडीत दीड तास उभे राहून तिने चार फवारे मोजले आणि विचारले, "पण हे जातात कुठे?"

उत्तर मला ठाऊक होते. उन्हाळाभर बेरिंग आणि चुकची समुद्रांच्या तळाचा गाळ तोंडाने उपसून त्यातले कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक जीव खाणारे हे प्राणी थंडी पडू लागली की निघतात आणि उत्तर अमेरिकेचा किनारा धरून आठ ते दहा हजार किलोमीटर पोहत मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात येतात. तिथे पॅसिफिकच्या बाजूला ओहो दे लिएब्रे, सान इग्नासिओ आणि माग्दालेना ही त्यांची तीन मोठी ठिकाणे आहेत. तिथल्या उथळ, उबदार पाण्यात माद्या वितात, पिल्लांना अंगावर पाजून दणकट करतात आणि मग त्यांना घेऊन परतीला लागतात. आईचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "म्हणजे माहेरपणाला येतात. मग आपणच का जाऊ नये?"

बेत आखायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न जागेचा होता. सान डिएगोहूनही देवमासे दाखवणाऱ्या दुमजली बोटी सुटतात आणि आम्ही एकदा तशा बोटीने गेलो होतो. शे-दीडशे माणसे वरच्या मजल्यावरून एकाच बाजूला धावतात, प्राणी दूर असतो, आणि अमेरिकेत साधारण शंभर यार्डांच्या आत जाऊ नये असा दंडक असल्यामुळे तो दूर असणे योग्यही आहे. मला हवी होती ती पाण्याच्या पातळीवर बसवणारी लहान होडी. सान इग्नासिओच्या खाडीत तशीच होडी मिळते, कारण तिथे दुसरी चालतच नाही. 'पांगा' म्हणजे सुमारे सात मीटर लांबीची, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली मच्छीमारांची उघडी होडी. कोकणातल्या बंदरांत आता सर्रास दिसणाऱ्या फायबर होडीची सख्खी बहीण म्हणावी अशी. निरीक्षणासाठी राखलेल्या पट्ट्यात एका वेळी फक्त १६ पांगा सोडल्या जातात आणि प्रत्येकीला दीड तास मिळतो. खाडीचा आतला भाग होड्यांना पूर्ण बंद आहे.

दुसरा प्रश्न फेऱ्यांचा होता, आणि माझ्या मते या सहलीचा सगळा बेत याच एका प्रश्नावर उभा राहतो. गावातून पहाटे निघून, एक फेरी मारून संध्याकाळी परत येण्याची सोय आहे आणि ती स्वस्तही पडते. माझ्या नवऱ्याचा कल तिकडेच होता. हिशेब त्याच्या बाजूने होता. पण खाडी म्हटली की वारा आला, भरती-ओहोटी आली, आणि ज्या प्राण्याला भेटायला जायचे त्याची मर्जी आली. एका फेरीवर एवढा मोठा प्रवास टांगून ठेवणे मला पटेना. आईने आपले मत एका वाक्यात दिले : "खाडीवर एक दिवसाचं काम काढून कोणी जात नाही." शेवटी खाडीकाठच्या तंबूंच्या तळावर तीन रात्री आणि होडीच्या सहा फेऱ्या ठरल्या. खर्च भरून काढण्यासाठी महागड्या लेन्सची खरेदी रद्द झाली, ज्याचे आता मुळीच वाईट वाटत नाही, कारण हाताच्या अंतरावर आलेल्या बारा मीटर लांबीच्या प्राण्यापुढे लांब पल्ल्याची लेन्स म्हणजे निव्वळ अडगळ असते.

तारखांचा निर्णय त्यामानाने सोपा होता. हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. जानेवारीत विणीची आणि समागमाची धामधूम असते, नर एकमेकांना रेटत असतात आणि पिल्ले फारच कोवळी असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस एकटे प्राणी निघू लागतात, मागे माद्या आणि महिन्या-दीड महिन्याची पिल्ले राहतात, आणि याच दिवसांत ती होड्यांजवळ अधिक येतात. आम्ही फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला.

कागदपत्रांची काळजी आईच्या भारतीय पारपत्रामुळे होती. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही; मात्र परत अमेरिकेत शिरायचे असल्याने तो अनेकदा प्रवेश देणारा असावा लागतो. मोटारीसाठी मेक्सिकोतला विमा वेगळा काढावा लागतो, कारण अमेरिकी विमा तिथे ग्राह्य धरत नाहीत. रोख पेसो, बोट लागू नये म्हणून गोळ्या, पाण्याने न भिजणारी वरची विजार, टोपी बांधायला दोरी आणि आईच्या गुडघ्यासाठी पट्टा, एवढ्या वस्तूंची यादी झाली. मेथीचे ठेपले यादीत नव्हते, ते आपोआप आले.

पहिला दिवस : सीमा ते सान किंतिन

सीमेवर मेक्सिकोत शिरताना बहुतेक वेळा तुम्हाला कोणी अडवतच नाही, आणि गफलत होते ती इथेच. पर्यटक म्हणून प्रवेशाचा परवाना आपण होऊन गाडी बाजूला लावून, कचेरीत जाऊन घ्यावा लागतो. आम्ही तो घेतला, तिहुआना आणि एन्सेनादा मागे टाकले आणि सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या सान किंतिनला अंधार पडायच्या आत मुक्काम केला. या रस्त्याला बाजूपट्टी जवळजवळ नाहीच आणि रात्री गुरे डांबरावर येऊन बसतात, तेव्हा सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही हा नियम आम्ही परत येईपर्यंत पाळला. दिवसाबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही.

दुसरा दिवस : वाळवंट, मीठ आणि हरवलेला तास

सकाळी सहाला निघून एल रोसारिओला टाकी काठोकाठ भरली. पुढे तीनशे किलोमीटरच्या आसपास भरवशाचा पेट्रोलपंप नाही. मध्ये कातावीन्या नावाच्या वस्तीत लोक पिंपातून पेट्रोल विकतात, पण त्यावर विसंबून राहू नये. १९७३ साली पुरा झालेला हा द्वीपकल्पाच्या कण्यासारखा महामार्ग इथे घराएवढ्या गोल दगडांतून जातो, आणि त्या दगडांमध्ये 'सिरिओ' नावाचे एक झाड उभे असते, ज्याचे वर्णन उलटा रोवलेला मुळा यापलीकडे मला करता येत नाही. आईने त्याला पाने, फुले, उपयोग असे सगळे प्रश्न विचारून घेतले आणि "काय तरी एकेक" म्हणून डोळे मिटले.

२८व्या अक्षांशावर राज्याची हद्द बदलते आणि घड्याळ तासभर पुढे जाते. होडीची वेळ चुकवणारे प्रवासी बहुधा इथेच चुकतात. हद्दीला लागून असलेले ग्वेरेरो नेग्रो गाव १८५८ साली जवळच्या खाडीच्या मुखाशी बुडालेल्या 'ब्लॅक वॉरिअर' नावाच्या देवमाशांच्या शिकारी जहाजाच्या नावाने ओळखले जाते, आणि जगते मात्र मिठावर. १९५४ साली सुरू झालेली इथली मिठागरे जगात सर्वांत मोठी मानली जातात. वडाळा-भाईंदरची मिठागरे पाहिलेल्या माणसाला चौकोनी कोंड्या ओळखीच्या वाटतात, पण त्यांची व्याप्ती नजरेत मावत नाही. जेवायला थांबलो तेव्हा आईने उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्याकडे हात नेला, आणि त्यात डुकराची चरबी असते हे कळल्यावर तो मागे घेतला. मासा खाणाऱ्या बाईने घेवडा नाकारून तळलेला मासा मागावा, याची वाढणाऱ्या मुलीला फार गंमत वाटली.

सूर्य मावळायच्या आधी, सपाट तपकिरी माळाच्या तळाशी अचानक हजारो खजुरीची झाडे दिसली. ते सान इग्नासिओ.

तिसरा दिवस : पहिली फेरी

गाव म्हणजे लॉरेलच्या मोठ्या झाडांची सावली धरलेला एक चौक आणि त्याच्या एका बाजूला दगडी चर्च. १७२८ साली जेझुइट पाद्र्यांनी इथे आपले ठाणे घातले, त्याआधी हे कोचिमी लोकांचे पाणवठ्याचे ठिकाण होते. सध्याची इमारत डोमिनिकन पाद्र्यांनी १७८६ साली पुरी केली. भिंतींचा दगड ज्वालामुखीचा, सह्याद्रीच्या माणसाला घरचा वाटावा असा. खजूरही जेझुइटांनीच आणले. आईने चौकातल्या बाईकडून दोन किलो घेतले आणि भाषा नसताना भावही केला.

गावापासून खाडी सुमारे ६० किलोमीटर आहे. रस्ता काही अंतर चांगला आणि नंतर पत्र्याच्या वळ्यांसारखा, गाडीबरोबर दातही वाजवणारा. दोन्ही बाजूंना खारे पांढरे माळ, त्यांत मधूनच खांबांवर ऑस्प्रे या मासेखाऊ घारींची काट्याकुट्यांची घरटी आणि शेवटी खाडी. आतल्या बाजूला किनाऱ्याने कांदळवन दिसले तेव्हा आईने गाडी थांबवायला लावली. ते खरोखर आपल्याकडच्या कांदळाच्याच कुळातले, तशीच जमिनीकडे झुकलेली आधारमुळे असलेले. मेक्सिकोत आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी झाल्यासारखी वाटली. "भरती लागलीय," तिने चिखलावरची रेघ पाहून सांगितले, आणि ती बरोबर होती.

तळ साधा होता. प्लायवूडच्या खोल्या आणि तंबू, सूर्यावर तापवलेले बादलीभर पाणी, दिवे रात्री नऊपर्यंत. तीन वाजता आमची पहिली फेरी निघाली. होडीत आम्ही तिघे आणि आणखी पाच जण होतो. होडी हाकणारा साठीच्या घरातला, हंगामाबाहेर याच किनाऱ्यावर मासेमारी करणारा माणूस होता. आईने त्याला पहिल्या पाच मिनिटांतच तांडेल म्हणायला सुरुवात केली आणि आमच्यापुरते तेच त्याचे नाव राहिले.

खाडीच्या मुखाकडे पाऊण तास गेलो. ठरलेल्या पट्ट्यात शिरताच त्याने वेग इतका कमी केला की होडी वाऱ्यानेच सरकते आहे असे वाटावे. मग जे झाले ते प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसे काही झाले नाही. सगळीकडे देवमासे होते. डावीकडे फवारा, उजवीकडे पाठ, लांबवर एक डोके खांबासारखे उभे राहून सावकाश आत गेलेले. पण होडीपासून पन्नास मीटरच्या आत एकही आला नाही. या प्राण्याला पाठीवर पर नसतो, नुसती उंचवट्यांची एक रांग असते. आणि दोन नाकपुड्यांतून निघणारा फवारा समोरून पाहिला तर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा दिसतो, एवढे मी वहीत लिहिले. तांडेल पाठलाग करत नव्हता. आमच्यातल्या एका प्रवाशाने पुढे जाण्याची खूण केली, तेव्हा त्याने मान हलवली आणि इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून बसून राहिला. जायचे नाही, यायची वाट पाहायची, हा इथला शिरस्ता आहे. दीड तास संपल्याचा निरोप बिनतारी यंत्रावर आला आणि आम्ही परतलो.

रात्री नवरा म्हणाला, "एका फेरीवर आलो असतो तर आत्ता परतीच्या वाटेवर असतो." मी त्याला अधिक काही बोलले नाही, यात माझा मोठेपणा होता.

चौथा दिवस : वारा

पहाटे तंबूच्या कापडाचा आवाज ऐकूनच काय ते समजले. वायव्येचा वारा सुटला होता, खाडीवर पांढरे घोडे धावत होते आणि सातच्या सुमारास बंदर बंद असल्याचा निरोप आला. 'पुएर्तो सेर्रादो' हे शब्द त्या दिवशी आम्ही तीनदा ऐकले. सकाळची फेरी गेली, दुपारचीही गेली. काही पाहुणे तळाच्या माणसांशी हुज्जत घालत होते. आई त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर नारळी पौर्णिमेच्या आधी होडी का सोडत नाही असे विचारणाऱ्या मुंबईकर पाहुण्यासाठी राखून ठेवलेली असते.

तो रिकामा दिवस वाया गेला असे म्हणवत नाही, कारण खाडीची हकिगत त्याच दिवशी ऐकायला मिळाली. चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकी कप्तान १८५७ साली ओहो दे लिएब्रेच्या खाडीत शिरला आणि तिथल्या दाटीत त्याने पिंपेच्या पिंपे तेल काढले. त्याच्यामागून इतर जहाजे आली आणि थोड्याच वर्षांत या खाड्या ओस पडू लागल्या. अरुंद पाण्यात, पिल्लांसह असलेल्या माद्यांवर भाले पडत. त्या उलटून होड्या फोडीत, माणसे जायबंदी करीत, म्हणून खलाशांनी या प्राण्याला 'डेव्हिलफिश' असे नाव दिले. तो सैतानमासा आणि आपला देवमासा, एवढेच मी आईला म्हटले. तिने भांड्यातला चहा संपवला आणि म्हणाली, "पोरावर भाला उचलला तर मीपण सैतानीणच होईन." (देवमासा हा मुळात मासाच नव्हे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.)

भीती स्थानिक मच्छीमारांतही पुढे शंभर वर्षे राहिली. देवमासा जवळ दिसला की ते होडीच्या कडेवर ठोकून आवाज करीत. १९७२ साली पाचिको मायोराल नावाचा मच्छीमार सोबत्याबरोबर याच खाडीत मासे धरत असताना एक मोठा देवमासा होडीला येऊन भिडला आणि हलेना. होडीच्या या बाजूला येई, बुडे, त्या बाजूला निघे. बऱ्याच वेळाने मायोरालने भीत भीत एक बोट लावले, मग तळहात. या घटनेने खाडीचे नशीब पालटले. १९७७ ते १९८२ या काळात स्टीव्हन स्वार्ट्झ आणि मेरी लू जोन्स या संशोधकांनी इथे राहून प्राण्यांची मोजदाद आणि निरीक्षणे केली, १९८८ साली एल विस्काइनो हे राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि १९९३ साली युनेस्कोच्या यादीत नाव आले. मायोराल २०१३ साली वारला.

एवढे होऊनही खाडी सुटली होती असे नाही. ग्वेरेरो नेग्रोची मीठ कंपनी, जिच्यात मेक्सिकोचे सरकार आणि जपानची मित्सुबिशी भागीदार होते, तिने याच खाडीच्या काठी नवी प्रचंड मिठागरे घालण्याचे ठरवले होते. अनेक वर्षे वाद चालला. अखेर २ मार्च २००० रोजी राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी तो बेत रद्द केला. मिठागर म्हटले की आपल्याला निरुपद्रवी वाटते, मलाही वाटत होते. पण खाडीतले पाणी अहोरात्र पंपांनी उपसणे आणि मीठ नेणाऱ्या जहाजांसाठी लांबच लांब धक्का समुद्रात घालणे हे विणीच्या जागेशेजारी काय करील, हे इथल्या वाऱ्यात बसून ऐकताना निराळे वाटते.

पाचवा दिवस : दोन फेऱ्या

पहाटे वारा पडला होता. भरती पुरी होऊन पाणी थबकले होते आणि खाडी तेल ओतल्यासारखी दिसत होती. साडेसातला निघालो.

पट्ट्यात शिरून दहा मिनिटे झाली असतील, तेवढ्यात पाण्याखाली होडीहून लांब अशी एक फिकट, ठिपक्याठिपक्यांची सावली आमच्या खालून गेली. आवाज अजिबात नाही. ती दुसऱ्या बाजूला निघाली तेव्हा प्रथम डोक्यावर चिकटलेल्या बार्नॅकल या कवचवाल्या जीवांचे पांढरे पुंजके दिसले, होडीच्या बुडाला धरतात तसलेच, आणि त्यांच्या कडेने हिंडणाऱ्या पिवळसर उवा. मग तिच्या खांद्यामागून पिल्लू वर आले. जन्मतःच साडेचार मीटर लांब आणि पाऊण टनाच्या आगेमागे वजनाचे असणारे, आता आणखी भरलेले, गर्द राखाडी, अंगावर अजून सुरकुत्या असलेले. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो आणि ते देणारी मादी या खाडीत जवळपास उपाशीच असते, हे मला माहीत होते. पण तिच्या पाठीवर घसरगुंडी करणाऱ्या त्या पोराकडे पाहताना ही माहिती डोक्यात एका बाजूला जाऊन बसली.

होडीतले लोक पाण्यात हात मारून पिल्लाला बोलावू लागले. "कोंबड्या बोलावतायत का?" आईने मला मराठीत विचारले. तांडेलाने सर्वांना एका बाजूला न येण्याची खूण केली, कारण आठ माणसे एका काठावर आली की सात मीटरची होडी कलते. पिल्लाने आधी नवऱ्याची बाजू धरली, मग नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे गेले, मग माझ्यापुढे येऊन त्याने आपले तोंड पाण्याबाहेर काढून कडेला टेकवले. जबड्यावर छोटे खळगे होते आणि प्रत्येक खळग्यात एक ताठ केस. मी हात लावला. स्पर्श भिजवून सोललेल्या डाळिंबीसारखा, ओला, थंड, गुळगुळीत आणि दाबला तर किंचित दबणारा.

हात लावावा की नाही, याबद्दल निघण्यापूर्वी माझे मन द्विधा होते आणि आजही आहे. पॉइंट लोमाच्या पाण्यात हाच प्राणी भेटला तर मी दूर राहणे बंधनकारक मानते, आणि हजार किलोमीटर दक्षिणेला आल्यावर हात पुढे करते. यात विसंगती आहे. इथे प्राणी स्वतः येतो, होडी थांबलेली असते, पाण्यात उतरण्याला सक्त मनाई असते, आणि त्या स्पर्शाच्या जोरावर एक किनारा मिठागरापासून वाचला, हे सगळे खरे असले तरी पुढे तीन देशांच्या किनाऱ्याने जाताना त्याला भेटणाऱ्या प्रत्येक होडीजवळ असे जाणे त्याच्या हिताचे ठरेलच असे नाही. तरीही त्या क्षणी हात मागे घेतला नाही, हे इथे लिहून ठेवते.

मादी होडीपासून तीन-चार मीटरवर आडवी होऊन राहिली होती. एकदा ती कुशीवर वळली आणि मुठीएवढा तपकिरी डोळा पाण्याच्या थराखालून आमच्याकडे लागला. होडीतली बडबड थांबली. ती काय पाहत होती हे मला सांगता येणार नाही. मग तिने पिल्लाखाली अंग घालून त्याला सहज बाजूला नेले, आणि दोघे गेली.

तांडेलाने तेवढ्यात तिच्या डोक्यामागची जागा बोटाने दाखवली. तिथे मांस भरलेले असले म्हणजे प्राणी धडधाकट, आणि खळगा पडलेला दिसला की उपासमार, असे त्याने आमच्यातल्या स्पॅनिश जाणणाऱ्या एकीकडून सांगवले. गेल्या काही वर्षांत खळगे फार दिसले. २०१६ साली या किनाऱ्याने जाणारे करडे देवमासे सुमारे २७,००० होते, ते २०२३ पर्यंत साडेचौदा हजारांवर आले. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांना ६९० मृत किंवा मरणोन्मुख देवमासे लागले. मुख्य कारण उत्तरेकडे आहे. आर्क्टिकचे बर्फ आणि समुद्रतळ बदलल्याने तिथले अन्न कमी झाले. या खाडीत त्यांना मिळते ते संरक्षण, आहार नव्हे. हंगामात वर्षाची निम्मी कमाई करणाऱ्या तांडेलाला खळगा पाहण्याची सवय का लागली असेल, हे त्यानंतर विचारावे लागले नाही.

दुपारच्या फेरीत वारा थोडा वाढला होता आणि पिल्ले दूरच राहिली, पण एक मादी नाळेसमोर अगदी हाताच्या अंतरावर वर येऊन सुटकेचा निःश्वास टाकावा तशी फुसकन श्वास सोडती झाली. नाळेशी आई बसली होती. चष्मा, चेहरा, जाकिटाची बाही, सगळे भिजले. तिने आधी चष्मा पुसला, मग बाहीचा वास घेतला आणि काही बोलली नाही.

दोन्ही फेऱ्यांत तिने हात पुढे केला नाही. जावई म्हणाला, "आई, तुम्ही एकदा तरी लावून पाहायचा होता." त्यावर ती म्हणाली, "वाकायला गुडघा देत नाही हो."

सहावा ते आठवा दिवस

शेवटची फेरी शांत होती. दोन जोड्या लांबून पाहिल्या, एक एकटा प्राणी तीनदा पाण्याबाहेर झेपावला आणि तिन्ही वेळा माझा कॅमेरा भलतीकडे होता. काठावर उतरल्यावर आईने पिशवीतले उरलेले ठेपले तांडेलाला दिले. त्याने ते टॉर्टियाप्रमाणे गुंडाळून तिथेच खाल्ले आणि मेथीबद्दल काहीतरी विचारले, जे आम्हाला कळले नाही.

दुपारी निघून ग्वेरेरो नेग्रोला मुक्काम केला, तास परत मिळवला, आणि सातव्या दिवशी सान किंतिनपर्यंत आलो. परतीच्या सीमेवर मोटारींची रांग अडीच तासांची होती. बेत आखताना हे अडीच तास मी धरले नव्हते. पुढच्या खेपेला धरीन, आणि खाडीवरच्या तीन रात्रींच्या चार करीन. फेऱ्यांची संख्या तीच राहिली तरी चालेल.

घरी पोहोचल्यावर आईचे जाकीट दोनदा धुतले, तरी बाहीचा वास गेला नाही. रात्री जयगडला फोन लागला. बाबांनी प्रवास, तब्येत, गुडघा सगळे विचारून झाल्यावर विचारले, "एवढ्या जवळून श्वास टाकला म्हणतेस, तर वास कसला होता?"

"सुकटीचा," आई म्हणाली. "आपल्याच धक्क्यावरचा."